दहिवली ते वारजे : एका चौकशीची वाट

कर्जत स्थानकातून बाहेर पडून बाजारपेठ मागे टाकली, की उल्हास नदीवरचा पूल लागतो आणि पुलापलीकडे आमची दहिवली. नगरपरिषद एकच असल्यामुळे कागदोपत्री कर्जत आणि दहिवली असा भेद उरलेला नाही. नदीने मात्र तो अजून राखला आहे. एका काठावर गाड्यांच्या शिट्ट्या, वडापावच्या हाका आणि घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने जोडण्याची खटपट. दुसऱ्या काठावर भाताची खाचरे, आंब्याची जुनी झाडे आणि त्यांच्यामधून दरवर्षी उगवणाऱ्या नव्या इमारती. दिवस माथेरानच्या डोंगराआड मावळतो. उगवतो तो राजमाची-ढाकच्या कड्यांमागून. आषाढात हे दोन्ही डोंगर दिवसचे दिवस दिसत नाहीत. केवळ पाण्याचा आवाज ऐकू येतो.

मुंबईकर येथे हवापालटासाठी येतात, धबधबे पाहतात आणि तांदूळ घेऊन परततात. निवृत्तीनंतर कायमचे राहायला येणारेही पुष्कळ. सेवाभावी कामाची परंपराही या परिसराला आहे. नेरळजवळ डिग्निटी फाउंडेशनने ज्येष्ठांची वसाहत उभारली. वेणगावच्या बाजूला डॉ. भरत वाटवानी यांचे श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा 'कर्जतकडे काहीतरी सोय असेलच' असे कोणालाही वाटावे. आम्हालाही वाटले. वृद्धांची वसाहत, मनोरुग्णांचे पुनर्वसन, शस्त्रक्रियेनंतरची विश्रांती आणि बरा न होणाऱ्या आजारातील अखेरची शुश्रूषा या चार वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हाला फार उशिरा कळले. ज्या घरात आज असा रुग्ण आहे, त्या घराला ते जरा लवकर कळावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

माझ्या वहिनींना अंडाशयाचा कर्करोग झाला होता. दोन वर्षे केमोथेरपी झाली, मध्ये एक शस्त्रक्रिया झाली. ज्येष्ठाच्या सुरुवातीला मुंबईच्या डॉक्टरांनी दादाला बाजूला घेऊन सांगितले, की आता औषधाचा उपयोग व्हायचा नाही. त्यांना आराम वाटेल एवढेच पाहा. एक चिठ्ठीही दिली. दादाचे वय तेव्हा शहात्तर. त्याने ती चिठ्ठी न वाचताच घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली, कारण त्याच्या लेखी तो निरोप होता. प्रत्यक्षात ती त्याच रुग्णालयातील वेदनाशमन विभागाकडे जाण्याची चिठ्ठी होती. ती आम्ही सहा आठवड्यांनी उघडली. त्या सहा आठवड्यांत जे घडले त्यात माझाही वाटा आहे.

घरी आल्यावर पंधरा दिवसांतच वहिनींचे दुखणे वाढले. पोटात पाणी साचे, पाठीत कळा येत, रात्री झोप नसे. भाचा नोकरीमुळे ठाण्यास, भाची न्यू जर्सीला. घरात दादा, मी आणि दुपारपुरती येणारी एक बाई. दादाचा स्वतःचा गुडघा धड नाही. मग कोणीतरी एका केंद्राचे नाव सुचवले. ते नाव मी येथे घेणार नाही. शहराबाहेर, झाडीत, बंगलेवजा इमारत होती. मी एकटीच पाहायला गेले आणि मी काय पाहिले? बाग पाहिली. जास्वंद होती, कारंजे होते, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या होत्या. कचेरीतले गृहस्थ मृदू बोलत. 'आजींना आपल्या घरी असल्यासारखेच वाटेल,' असे ते म्हणाले आणि मी घरी येऊन दादाला सांगितले, की जागा छान आहे.

वहिनी तेथे तीन रात्री राहिल्या. अनामत रक्कम भरून घेतली होती. महिन्याचा आकार सांगितला होता, पण डायपर, ड्रेसिंग, डॉक्टरांची भेट यांचे वेगळे पैसे होतील हे दुसऱ्या दिवशी कळले. डॉक्टर 'लागेल तेव्हा' येत. रात्री सबंध मजल्याला एक मदतनीस, तीही शिकाऊ. घंटेचे बटण भिंतीवर होते आणि वहिनींचा हात तेथवर पोहोचत नव्हता. कळ आली की झोपेचे इंजेक्शन. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्या अर्धवट गुंगीत होत्या. ओठ सुकून चिरले होते. मला पाहून म्हणाल्या, "वन्सं, मी ओरडत नाही. ओरडले की सुई टोचतात."

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांना घरी आणले. पुलावर गाडी थांबली होती, खाली उल्हास दुथडी वाहत होती आणि दादा एक शब्दही बोलत नव्हता. बागेची वाखाणणी मी केली होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी सदरे धुवायला काढताना ती चिठ्ठी सापडली.

हॉस्पिस हा शब्द आपल्याकडे अजून परका वाटतो. डॉ. सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले आणि या कामाला आजचे रूप मिळाले. रुग्णाची वेदना केवळ शरीराची नसते. तीत मनाची, नात्यांची, पैशाची आणि श्रद्धेची वेदना मिसळलेली असते, हे त्यांचे म्हणणे. भारतातील पहिले हॉस्पिस आपल्याच राज्यात निघाले : डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्याला माउंट मेरीच्या परिसरात स्थापन केलेले शांती आवेदना सदन. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यात वारजे येथे १९९७ साली सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअर केंद्र सुरू झाले. दोन्ही ठिकाणी कर्करोगाच्या रुग्णांची सेवा विनामूल्य होते. केरळमध्ये १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालिकतला काम आरंभिले. ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या, स्वयंसेवकांच्या बळावर वाढले आणि २००८ साली त्या राज्याने यासाठी स्वतंत्र धोरणच स्वीकारले.

एवढे असूनही गरज आणि सोय यांचा मेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख माणसांना अशा शुश्रूषेची गरज असते आणि ती मिळते त्यांतील शंभरापैकी सुमारे चौदा जणांना. अखेरच्या शुश्रूषेची गुणवत्ता मोजणाऱ्या २०१५ च्या एका जागतिक पाहणीत ८० देशांत भारताचा क्रमांक ६७ वा होता.

आता दहिवलीच्या घरात बसून पाहिले तर वांद्रे एकीकडे आणि वारजे दुसरीकडे. लोकलने खाली उतरायचे किंवा घाट चढून वर जायचे. वहिनींना लोकलमध्ये बसवणे अशक्य, आणि भाड्याच्या गाडीने मुंबईच्या गर्दीत शिरण्यापेक्षा खालापूरहून द्रुतगती मार्गाला लागणे सोपे, म्हणून आम्ही घाट निवडला. निवडीमागे एवढेच कारण होते. मात्र या वेळी वहिनींना नेण्याआधी दादा आणि मी दोघेच पाहून आलो. जाताना मी शाळेत तपासनीस येण्याच्या आदल्या रात्री करीत असे तसे केले : वहीत प्रश्न लिहून काढले. पस्तीस वर्षे शिक्षिका होते; ही वही मला तीन आठवड्यांपूर्वीच सुचायला हवी होती.

बोरघाटात त्या दिवशी एवढे धुके होते, की पुढच्या गाडीचे तांबडे दिवे तेवढे दिसत. दादा वही उघडून प्रश्न मोठ्याने वाचत होता आणि मध्येच थांबून म्हणाला, "हे सगळं विचारलं तर त्यांना राग नाही का येणार?" मला वाटते, आपल्या पिढीची सगळी अडचण या एका वाक्यात आहे. डॉक्टरांना प्रश्न विचारणे आपल्याला उद्धटपणा वाटतो. आता अनुभवाने सांगते : ज्या जागी प्रश्नांचा राग येतो, तेथे माणूस ठेवू नये. पहिली परीक्षा तीच.

माझ्या वहीतला पहिला प्रश्न वेदनेविषयी होता, आणि तो पहिलाच असावा. 'तुमच्याकडे दुखणे मोजतात का, आणि लिहून ठेवतात का?' ताप जसा रोज मोजून तक्त्यावर लिहितात तशी वेदनाही लिहायची असते. शून्य ते दहा असे आकडे विचारण्याची पद्धत आहे. वहिनींना ते आकडे काही केल्या जमेनात. तेव्हा एका परिचारिकेने विचारले, "आजी, रुपयातले किती आणे दुखते?" वहिनी तत्काळ म्हणाल्या, "बारा आणे." आण्यांचा हिशेब ज्यांनी लहानपणी केला, त्या पिढीला याहून नेमके माप नाही. घरी आल्यावरही आमची वही आण्यांतच चालली. वाचकांनी ही युक्ती जरूर वापरावी.

दुसरा प्रश्न मॉर्फिनचा. याविषयी जरा थांबून लिहिणे भाग आहे, कारण बहुतेक घरांत या शब्दानेच पाय मागे घेतला जातो. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि खात्रीचे औषध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ सालीच वेदनाशमनाची पायऱ्यांची पद्धत घालून दिली. तिच्या वरच्या पायरीवर हे औषध आहे. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळवणे इतके किचकट झाले होते, की पुष्कळ रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधांना अत्यावश्यक ठरवण्यात आले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ते ठेवणे सोपे झाले. म्हणून केंद्राला थेट विचारावे : तुम्ही मान्यताप्राप्त संस्था आहात का? तोंडाने घ्यायचे मॉर्फिन आज, या क्षणी तुमच्या कपाटात आहे का? रविवारी संपले तर काय करता? 'आमच्याकडे सगळी औषधे असतात' हे या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

दादाला दोन भये होती. व्यसन लागेल हे एक, आणि हे औषध म्हणजे शेवट जवळ आणणे हे दुसरे. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, योग्य मात्रेत दिलेल्या मॉर्फिनने मृत्यू ओढवत नाही आणि अशा रुग्णाला ज्याला आपण व्यसन म्हणतो ते लागणे फार विरळ. औषध घड्याळाप्रमाणे द्यायचे असते. कळ येण्याची वाट पाहायची नसते. मध्येच कळ उसळली तर द्यायची जादा मात्राही डॉक्टर लिहून देतात. पहिले काही दिवस गुंगी आणि मळमळ होऊ शकते, ती बहुधा ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवे. ज्या केंद्रात मॉर्फिन लिहून देतात पण सारक औषधाचे नाव काढीत नाहीत, तेथील माणसे या कामात मुरलेली नाहीत असे खुशाल समजावे. आणि हे औषध मनाने एकदम बंद करू नये.

बाकीचे प्रश्न रात्रीचे होते. दिवसा सगळीच केंद्रे चांगली दिसतात. रात्री दोन वाजता किती परिचारिका असतात, त्या शिकलेल्या आहेत का, डॉक्टर फोन उचलतात का, घंटा निजलेल्या माणसाच्या हाताशी आहे का? या शेवटच्या प्रश्नासाठी मी एका रिकाम्या खाटेवर स्वतः निजून हात लांब करून पाहिला. दादा ओशाळला. मी नाही ओशाळले. तसेच नाकाला काम द्यावे. लघवीचा आणि जखमेचा दर्प उदबत्तीने झाकता येतो, पण लपत नाही. निजलेल्यांचे ओठ आणि टाचा पाहाव्यात. तोंड ओलसर ठेवणे, दर दोन तासांनी कुशी बदलणे ही कामे होतात की नाही, ते कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा ओठ आणि टाचा अधिक खरे सांगतात.

वारजे येथे मला सर्वांत वेगळे वाटले ते हे, की घरचे माणूस रुग्णाजवळ राहू शकते. राहावे अशीच तेथील रीत आहे. नातेवाइकाला भेटीच्या वेळांत कोंबलेले नाही. दादाला वहिनींच्या शेजारी राहता आले. आणि माणसाला तेथे कायमचे ठेवून घेणे हा हेतू नसतो, हेही नवे होते. वेदना, उलटी, धाप आटोक्यात आणायची, घरच्यांना शिकवायचे आणि शक्य असेल तर रुग्णाला घरी पाठवायचे. हॉस्पिस म्हणजे परत न येण्याची जागा, ही समजूत घेऊन आम्ही घाट चढलो होतो. नऊ दिवसांनी वहिनींना घेऊन उतरलो तेव्हा दुखणे चार आण्यांवर आले होते आणि लोणावळ्याला त्यांनी चिक्की मागितली. खाल्ली नाही; हातात धरून बसल्या.

एक गोष्ट येथे स्पष्ट करते. सर्वच केंद्रे सर्व आजारांचे रुग्ण घेत नाहीत. पुष्कळ ठिकाणी प्रवेश कर्करोगापुरताच असतो. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी झालेले, फुप्फुसाच्या जुन्या आजाराने धापणारे, स्मृतिभ्रंशाच्या अखेरच्या टप्प्यातले यांनाही हीच शुश्रूषा लागते. तेव्हा जाण्यापूर्वी फोनवर विचारावे, नाहीतर आजारी माणसाला घेऊन हेलपाटा होतो. आकार घेणारे केंद्र असेल तर काय काय त्यात धरले आहे ते कागदावर मागावे, अनामत कधी व किती परत मिळते तेही. आणि हेही विचारावे, की अखेर झाल्यावर मृत्यूचे प्रमाणपत्र कोण देते, रात्री गाडी मिळते का, देवाचा फोटो उशाशी ठेवता येतो का, मुखात गंगाजळ-तुळस घालू देतात का. हे प्रश्न विचारताना जीभ अडखळते. पण त्या घटकेला ते विचारावे लागू नयेत, म्हणून आधी विचारायचे.

भाचीशी फोनवर बोलताना कळले, की अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी योजनेतील हॉस्पिसांसाठी, माणूस गेल्यानंतर काही महिन्यांनी त्याला सांभाळणाऱ्या नातेवाइकाकडे एक प्रश्नावली जाते. मदत वेळेवर मिळाली का, वेदनेवर पुरेसा उपाय झाला का, घरच्यांना शिकवले का, मान राखला का असे प्रश्न असतात आणि उत्तरांचा गोषवारा सर्वांना पाहता येतो. आपल्याला हे काम तोंडी करावे लागते. म्हणून ज्या घरातले माणूस त्या केंद्रात गेले आहे, अशा एखाद्या घरी जाऊन विचारावे. 'तुम्हाला नंतर कोणाचा फोन आला का?' एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. चांगली माणसे मागे राहिलेल्याचीही चौकशी करतात.

दहिवलीला परतल्यावर खरी कसोटी लागली, कारण आता केंद्र म्हणजे आमचेच घर. वारज्याची माणसे घाटाच्या वर, मुंबईचा विभाग शंभर किलोमीटर खाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दादाने साफ विचारले, "येणार का रात्री?" ते म्हणाले, "फोन नक्की घेईन, पाऊस असला तर यायला वेळ लागेल." खोटे आश्वासन न देणारा माणूस मला या सबंध प्रवासात फार मोलाचा वाटला. मॉर्फिन भाचा मुंबईच्या विभागातून चिठ्ठी दाखवून आणी आणि शनिवारच्या लोकलने घेऊन येई. आम्ही नेहमी आठवडाभराचे जास्त राहील असे पाहत असू. आशाताई येऊन जात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांमध्ये वृद्धांची आणि उपशामक शुश्रूषा आता धरलेली आहे, हे मला त्यांच्याकडून कळले. पाठीचे ड्रेसिंग करायला त्यांनी परिचारिका मिळवून दिली. वाचकांनी आपल्या गावच्या केंद्रात याची विचारणा अवश्य करावी. विचारणारे असले म्हणजे देणारेही सावरून बसतात.

हवेची गादी, वाकडी मान असलेला पाण्याचा पेला, खाटेखाली पाट घालून उंचावलेली उशीकडची बाजू : घर हळूहळू तयार झाले. श्रावणात धाप सुरू झाली तेव्हा प्राणवायूचे यंत्र भाड्याने आणले आणि त्याच रात्री वीज गेली. आमच्याकडे पावसात वीज जाणे ही काही बातमी नव्हे. मग विजेवर चालणारे यंत्र आणताना हे कोणाच्या ध्यानात कसे आले नाही? दादाने खिडकी उघडली, वहिनींना बसते केले आणि पुठ्ठ्याने वारा घातला. डॉक्टरांनी फोनवर मॉर्फिनची जादा मात्रा द्यायला सांगितले. धापेवरही ते उपयोगी पडते. चेहऱ्यावर वारा लागला की धाप कमी जाणवते, हे वारज्याला शिकवलेले होते आणि ते त्या रात्री कामी आले. तीन तासांनी वीज आली. दुसऱ्या दिवशी भरलेला सिलिंडर आणून ठेवला. दहिवलीसारख्या गावात कोणाला घरपोच शुश्रूषा घ्यायची असेल, तर वीज गेल्यावर काय, पुलावर पाणी आल्यावर काय, हे दोन प्रश्न माझ्या वहीत नंतर लिहिलेले आहेत. त्यांनी ते आधी लिहावेत.

त्या रात्रीनंतर वहिनींनी स्वतः विषय काढला. अतिदक्षता विभागात नेऊ नका, नळ्या घालू नका. अशी इच्छा आधी लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ च्या जानेवारीत त्याची रीत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून तो कागद नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो. आम्ही नोटरींना घरी बोलावले. सही करताना वहिनींचा हात थरथरत होता, पण शेवटच्या अक्षराचा वेलांटीचा फटकारा त्यांनी सोडला नाही. त्या कागदाच्या प्रती डॉक्टरांकडे आणि भाच्याकडे दिल्या. कपाटात कुलूपबंद कागदाचा अडचणीच्या वेळी कोणालाच उपयोग होत नाही.

आणि दादा. सेवा करणाऱ्याची विचारपूस कोणी करीत नाही, हे मी वाचले होते. पाहिले मात्र भाद्रपदात. तो वहिनींवर एकदा ओरडला. पाणी सांडले होते, एवढेच निमित्त. मग मागच्या पडवीत जाऊन बराच वेळ बसला. त्या आठवड्यापासून आम्ही ठरवून घेतले, की रोज संध्याकाळी दोन तास मी वहिनींजवळ बसायचे आणि दादाने पुलावरून स्थानकापर्यंत जाऊन यायचे. तेथे तो फलाटावर बसून घाटात जाणाऱ्या गाड्या पाही. परत आल्यावर वहिनी विचारीत, "आज किती इंजिनं लागली हो?" आणि तो खरेच मोजून आलेला असे. चांगल्या केंद्राची परीक्षा करताना हेही पाहावे, की सांभाळणाऱ्याला चार दिवस विसावा मिळावा म्हणून ते रुग्णाला थोड्या दिवसांसाठी घेतात का.

खाण्यावरून आमचे अखेरपर्यंत वाद झाले. आपल्याकडे 'दोन घास खाल्ले' हेच बरे असण्याचे लक्षण; न खाणाऱ्या माणसाला पाहवत नाही. भूक जाणे हा त्या आजाराचाच भाग असतो, बळेबळे भरवल्याने ताकद येत नाही, उलट ठसका लागतो, हे दादाला पटायला फार दिवस लागले. शेवटी तो पेजेऐवजी बर्फाचा खडा कापडात गुंडाळून त्यांच्या ओठांना लावू लागला. वहिनींना ते आवडे.

आश्विनात हळवी भाते कापणीला आली तेव्हा एका पहाटे त्या गेल्या. वहीत आदल्या रात्रीची नोंद आहे : दुखणे दोन आणे, झोप लागली, पाणी दोन चमचे. अक्षर दादाचे. डॉक्टर अर्ध्या तासात आले, कारण पाऊस थांबलेला होता.

दिवसकार्य आटोपल्यावर भिसेगावहून एक गृहस्थ आले. त्यांच्या आईसाठी हवेची गादी मिळेल का, असे विचारीत होते. गादी बांधून दिली. पंपाची कळ उलटी बसवली की हवा भरत नाही, हे सांगून कळण्यासारखे नाही म्हणून दादा त्यांच्याबरोबरच निघाला. जाताना माझ्याकडून वही मागून घेतली.